हुसेनमिस्त्री आणि चुगलखोर

परवा भाच्याच्या नव्या गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गाडी कंपनीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि गाडीकडे न बघताच सांगितलं, "सेन्सर गेलाय. बदलावा लागेल." मी विचारलं, "गेलाय, की त्याला कुणी बोलू देत नाहीये?" त्यानं भाच्याकडे बघितलं. म्हाताऱ्या मामाला सोबत आणल्याबद्दल माफी मागावी तसं भाचा हसला आणि त्यानं वेळ मारून नेली.

परतीच्या वाटेवर मला हुसेनमिस्त्री आठवत राहिले. आज ते असते तर त्यांनी आधी तो लॅपटॉप बाजूला ठेवायला लावला असता.

हुसेन मुलाणी त्यांचं नाव. घर भोरमध्ये, पण कामाची जागा पुणे-सातारा रस्त्यावर कामथडीला. चार खांब, वर पत्रे, मागे एक बाभळ आणि शेजारी कोंडिबाचं चहाचं हॉटेल. सकाळच्या एसटीनं ते भोरहून यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. अंगानं किरकोळ, डोक्यावर विणलेली टोपी, खाकी शर्टाच्या खिशात एक स्क्रू ड्रायव्हर, आणि बोटं इतकी स्वच्छ की मिस्त्री म्हणून कुणाला खरं वाटू नये. दर कामानंतर ते लाकडाच्या भुशानं हात चोळायचे, मग रॉकेलनं, मग साबणानं. "मळक्या हाताला गाडी खरं सांगत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा वेल्ह्याला कारकून होतो. साठ-सत्तरचा काळ. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, सगळी सारखीच होती. ऑफिसला एक जीप होती. जीपमध्ये बसायचे साहेब, चालवायचा किसन सोनवणे, आणि माझ्या वाट्याला आली होती जीपची फाईल.

त्या काळच्या गाड्यांत आजच्यासारखे सेन्सरबिन्सर नव्हते असं लोक समजतात. होते की. इंजिनाच्या डोक्यात एक पितळी बोंड बसवलेलं असायचं. आतलं पाणी किती तापलं हे ते ओळखायचं आणि एका तारेवरून समोरच्या काट्याला कळवायचं. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगता डबा असायचा, तो पेट्रोल किती उरलं ते कळवायचा. तेलासाठी आणखी एक. कंपनीच्या पुस्तकात त्यांना भारदस्त नावं होती. मिस्त्री सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायचे: चुगलखोर. "ह्यो इंजिनातला चुगलखोर, ह्यो टाकीतला. आत काय चाललंय ते ड्रायव्हरच्या कानात सांगायचं, येवढंच ह्येंचं काम. आन् गंमत बघा, भाऊसाहेब, मानसातला चुगलखोर खोटं बोलतो, गाडीतला न्हाई."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो किसनबरोबर. जीपचा पाण्याचा काटा भल्या सकाळी, थंड इंजिनावरच, तांबड्या रेघेवर जाऊन बसला होता. मला वाटलं आता बॉनेट उघडतील. मिस्त्रींनी किसनला समोर उकिडवं बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. काल कुठं गेलता? रस्ता कसला हुता? काटा हळूहळू चढला का येकदम उडाला? डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नाहीत. मग ते पितळी बोंड काढून, त्याला दोन लांब तारा जोडून, एक थेट काट्याला आणि एक इंजिनाच्या लोखंडाला, ते कोंडिबाच्या हॉटेलात गेले आणि चुलीवर उकळत असलेल्या चहाच्या आधणात त्यांनी ते चिमट्यानं धरून बुडवलं.

"हुसेन, अरं माझ्या गिऱ्हाइकाला काय आइल पाजतुयास व्हय?" कोंडिबा ओरडला.

"पानी उकळलेलंच हाय. काय मरत न्हाई कुनी," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी जीपकडे तोंड करून हाक दिली, "किसन, काटा वाच!"

काटा स्वतः वाचायचा नाही, हा त्यांचा नेम होता. ज्याला गाडी चालवायची त्यानं वाचायचा, आणि मोठ्यानं. त्याशिवाय त्याचा काट्यावर विश्वास बसत नाही, असं ते म्हणायचे. किसन जीपमधून ओरडत होता, "चढला, मिस्त्री... मधी आला... आता वरती!" म्हणजे बोंड शाबूत होतं. मग गाडीतली मूळ तार हातानं चाचपत चाचपत ते एका जागी थांबले. तिथं ती घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. त्यांनी तिच्यावर पट्टी गुंडाळली. काम झालं. बदललं काहीच नाही.

त्याच आधणात पत्ती टाकून कोंडिबानं आम्हाला चहा दिला. एक घोट घेतला आणि इंजिनाचा वास थेट नाकात गेला. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी उरलेला चहा बाभळीच्या बुंध्याशी ओतला. मिस्त्री पाठमोरे होते. तसेच म्हणाले, "बाभळीला लई मानवतो ह्यो च्या. बगा कशी वाढलीया."

त्यांच्या बिलांनी मला फार छळलं. नियमाप्रमाणे बिल नमुन्यात लागायचं आणि ऑफिसच्या भाषेत लागायचं. म्हणून ते सांगायचे आणि मी माझ्या हातानं लिहून काढायचो. खाली ते सावकाश सही करायचे. बाकीचे मिस्त्री धडधाकट भाग काढून नवा बसवायचे, बिलात नवा भाग दिसायचा आणि बिल मंजूर व्हायचं. हुसेनमिस्त्रींच्या बिलात असायचं, 'तार घासली होती, पट्टी गुंडाळली', नाहीतर 'काजळी पुसली'. वरून शेरा यायचा: काजळी पुसण्यास मंजुरी कोणी दिली? मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, नवा भाग बसवला असं लिहू. कोण बघतंय?" ते म्हणाले, "बदलनं सोपं हाय, भाऊसाहेब. वळखायला अक्कल लागती. तिचे पैशे द्यायला सरकारकडं खातं न्हाई, त्येला म्या काय करू? पर खोटं न्हाई लिवायचं." सहा-सहा महिने त्यांची बिलं लटकायची. ते कधी विचारायलासुद्धा आले नाहीत.

खाजगी गाड्यांसाठी मात्र त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. गाडी बिघडली की बहुतेक वेळा आधी ड्रायव्हरवर आळ यायचा आणि मागाहून कळायचं की चुगलखोर मुका झाला होता. मिस्त्रींचा कायदा असा: आळ ज्यानं घेतला, बिल त्यानं द्यायचं. आणि वर दोन चहा सांगायचे, एक ज्याच्यावर आळ घेतला त्याला, एक स्वतःला. समोरासमोर बसून दोघांनी प्यायचे. चहा झाल्याशिवाय गाडीची किल्ली मिळायची नाही.

शिवऱ्याच्या एका बागाईतदाराची गाडी अशीच आली. ऐन लग्नाच्या वरातीत नवरदेवासकट बंद पडली होती. काटा अर्धी टाकी दाखवत होता आणि टाकीत थेंब नव्हता. मालकानं सगळ्या वऱ्हाडासमोर ड्रायव्हरला पेट्रोलचोर ठरवलं होतं. मिस्त्रींनी टाकी खाली उतरवली. तिच्या तळाला खालून मोठा पोचा पडून पत्रा आत आला होता, आणि तरंगता डबा त्या फुगवट्यावर अडकून बसला होता. पेट्रोल संपलं तरी डबा तिथंच, म्हणून काटाही तिथंच.

"टाकी खालनं ठोकली कुनी?" मिस्त्रींनी विचारलं.

ड्रायव्हर जमिनीकडे बघत उभा राहिला. मालकाला खोकला आला. आठवड्यापूर्वी पाहुण्यांना ऐट दाखवायला त्यानं स्वतःच गाडी बांधावर घातली होती. त्यानं बिल मुकाट्यानं दिलं. पण चहा सांगताना मात्र त्याचा जीव वर-खाली झाला. आपल्या नोकरासमोर बसून चहा प्यायचा म्हणजे काय! मिस्त्री किल्ली खिशात टाकून हात भुशानं चोळत राहिले. शेवटी मालक बाकड्यावर बसला. मी समोरच होतो. मला फार मजा वाटली होती, हे इथं कबूल करतो, कारण पुढं मजा वाटण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात साहेब वेल्ह्याच्या पुढं पासलीकडे तपासणीला निघाले. भर दुपारी, चढावर, जीपनं मोठ्यांदा सुस्कारा टाकला आणि ती बंद पडली. पाण्याची नळी फुटून सगळं पाणी गेलं होतं, इंजिन तापून त्याचं हेड, म्हणजे डोकंच, तडकलं होतं. साहेबांना उन्हात तीन-चार मैल चालावं लागलं. ते ऑफिसात आले तेव्हा बोलायच्या स्थितीत नव्हते. मला एवढंच म्हणाले, "ड्रायव्हरला नोटीस काढा. लिहा काहीतरी."

मी लिहिलं. काहीतरीच लिहिलं. मागच्या एका फायलीत तसली नोटीस होती. तिच्यातलं वाक्य उचललं: 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहनाचे नुकसान झाले असून दुरुस्तीचा खर्च आपल्या पगारातून वसूल का करू नये व तशी नोंद सेवापुस्तकात का घेऊ नये.' किसनला एका शब्दानं विचारलं नाही, की बाबा, काय झालं. साहेबांनी सही केली.

किसन तेव्हा हंगामी होता. त्याला कायम करायचा कागद माझ्याच कपाटात पडून होता. सेवापुस्तकात 'निष्काळजी' एवढा एक शब्द चढला असता, तर तो कागद तिथंच कुजला असता. पगारातली वसुली त्यानं एक वेळ पोटाला चिमटा काढून सोसली असती. तो शब्द त्याला जन्मभर पुरला असता. माझ्या टेबलाशी उभा राहून तो म्हणाला, "भाऊसाहेब, आईशप्पत, काटा खालीच हुता. म्या बघत हुतो." मी म्हटलं, "उत्तरात तसं लिही." आठ दिवसांची मुदत होती.

जीप ट्रकला बांधून कामथडीला नेली होती. तिथं काय घडलं ते मला नंतर कोंडिबानं सांगितलं. मिस्त्री हेड काढत होते, किसन शेजारी बसून पुन्हापुन्हा तेच सांगत होता, काटा खाली हुता, काटा खाली हुता. पितळी बोंड काढायची वेळ आली आणि मिस्त्रींचा हात थांबला. बोंडाच्या आट्यांवर सुतळी होती, सफेद्यात भिजवून घट्ट गुंडाळलेली. ती त्यांनीच गुंडाळली होती, तीन आठवड्यांपूर्वी. तिथून पाणी पाझरत होतं, जवळ वायसर नव्हता, म्हणून विहिरीवरच्या पंपाचा नळ बसवताना करतात तसं त्यांनी केलं. पाझर थांबला होता. पण त्या बोंडाला इंजिनाच्या लोखंडाशी अंग लावून बसावं लागतं, तेव्हाच त्याचा निरोप काट्यापर्यंत जातो. मध्ये सुतळी आली आणि निरोप तिथंच थांबला. ही गोष्ट त्या रस्त्यावर त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवले नाहीत, असं कोंडिबा म्हणाला.

हे फक्त त्यांनाच कळलं होतं. सुतळी काढून चुलीत टाकली असती तर जगात कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी दुसरं वापरलेलं हेड पुण्याच्या जुन्या बाजारातून स्वतः आणून बसवलं, आणि सातव्या दिवशी दुरुस्त जीप किसनला चालवायला लावून ते वेल्ह्याला आले. बोंड त्याच सुतळीसकट परत बसवलं होतं.

ऑफिसच्या आवारात त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि साहेबांना विनंती करून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. आम्ही सगळे व्हरांड्यात जमलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "साहेब, काटा वाचा."

"खाली आहे. थंड."

"आता बॉनेटला हात लावा."

साहेबांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग मिस्त्रींनी तारेचा एक उघडा तुकडा घेतला, एक टोक बोंडाच्या अंगाला, दुसरं इंजिनाला टेकवलं. "आता वाचा."

"चढतोय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "चढतोय, चढतोय... मध्याच्या वर गेला!"

इंजिन बंद करून मिस्त्रींनी फडक्यानं बोंड सोडवलं आणि त्यावरची सुतळी उलगडून साहेबांच्या समोर धरली. "किसनचा काय गुन्हा न्हाई. ह्ये म्या केलंय."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. "मिस्त्री, आपण असं लिहू, भाग जुना होता, निकामी झाला. नोटीस रद्द होईल, तुमचं बिलही निघेल. तुमचं नाव कशाला?"

"भाग निकामी न्हवता, साहेब," मिस्त्री म्हणाले. "त्यो बिचारा खरंच सांगत हुता. म्याच त्येच्या तोंडात बोळा कोंबला. आता त्येच्यावर आळ कसा घेऊ?"

नोटीस रद्द झाली. किसन दिवाळीच्या आत कायम झाला. मिस्त्रींनी बिल केलंच नाही. मी फायलीत 'दुरुस्ती विनामूल्य' असं लिहिलं, तर वरून शेरा आला: विनामूल्य का? त्याचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही.

पण मिस्त्रींना ते महागात पडलं. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हर मंडळींना टिंगलीला विषय मिळाला. "सुतळीमिस्त्री" म्हणायला लागले. पुण्याच्या गाड्या पुढं जाऊन दुसरीकडे थांबायला लागल्या. वर्षभर तरी त्यांचा धंदा निम्म्यावर आला होता. त्यांनी काय केलं, तर तीच सुतळी पत्र्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी खिळ्याला अडकवली. कुणी कामाचं कौतुक केलं की स्क्रू ड्रायव्हरनं तिच्याकडे खूण करायचे. लोक हळूहळू परत आले. जो मिस्त्री आपली चूक खिळ्याला टांगतो, तो दुसऱ्याच्या गाडीत काय लपवणार, एवढा हिशोब ड्रायव्हरांनाही कळतो.

आणि मी? त्या सगळ्या प्रकरणात माझं नाव कुठंच आलं नाही. नोटीस साहेबांच्या सहीची होती. तो शब्द मी मनानं घातला होता, न विचारता, हे मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. किसन रोज मला नमस्कार घालायचा आणि मी तो घ्यायचो. मला त्याची लाज वाटायची. पण लाज वाटणं निराळं आणि तोंड उघडणं निराळं.

सात-आठ वर्षांनी माझी बदली झाली. सामान पुढं गेलं होतं. वेल्ह्याहून निघून कामथडीला उतरलो, मिस्त्रींचा निरोप घ्यायचा आणि मग पुण्याची एसटी धरायची, असं ठरवून. मिस्त्री थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तरी काम चालू होतं, बोटांनी. आमच्याच ऑफिसची जीप उभी होती. किसन कोंडिबाच्या चुलीपाशी आधणात बोंड धरून बसला होता, लांब तारा जीपपर्यंत आल्या होत्या, आणि मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते.

"कोन, भाऊसाहेब का? बरं झालं. बसा आत. काटा वाचा."

मी बसलो. काटा तळाशी होता. तो हलायची वाट बघता बघता मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "मिस्त्री, किसनची ती नोटीस. निष्काळजीपणा हा शब्द माझा होता. साहेबांचा नव्हता. मी त्याला विचारलंसुद्धा नाही."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"किसननं ती मलाच आनून दावली की. तुमचं अक्षर मी वळखत न्हाई व्हय? माझी समदी बिलं त्याच अक्षरात हायती." मग चुलीकडे तोंड वळवून म्हणाले, "त्येलाबी ठावं हाय. काटा वाचा, भाऊसाहेब."

म्हणजे इतकी वर्षं दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही मला नमस्कार घालत होते, आणि मला वाटत होतं मी लपलोय. काटा उचलला होता. "चढतोय," मी म्हणालो. "मध्यावर आला."

"मंग बराबर हाय," मिस्त्री म्हणाले.

मी खाली उतरलो आणि कोंडिबाला दोन चहा सांगितले. त्या जुन्या दुरुस्तीच्या बिलाचं विचारलं तर मिस्त्रींनी हातानंच नको म्हणून सांगितलं, पण चहाला ते आडवे आले नाहीत. आधणातून बोंड निघालं, पत्ती पडली. किसन आणि मी बाकड्यावर समोरासमोर बसलो. चहाला इंजिनाचा तोच वास होता. बाभळ मागंच उभी होती, चांगली थोराड झालेली.

मिस्त्री अजून बॉनेटला हात लावूनच उभे होते, चेहरा आमच्याकडे. "भाऊसाहेब, समदा प्यालात का?"

"प्यालो, मिस्त्री."

"किसन," ते म्हणाले, "कप वाच."

किसननं माझ्या हातातला कप घेतला, उजेडाकडे तिरपा धरून आत बघितलं आणि मोठ्यानं ओरडून सांगितलं, "रिकामा हाय, मिस्त्री!"